वांग्याच्या पानामागची पिवळी अंडी

मला बागेत सगळे अंडीवाली म्हणतात. कोंबड्यांशी माझा काही संबंध नाही. भाजीच्या पानामागे किडे अंडी घालतात, ती कुणाची हे मी ओळखते, म्हणून अंडीवाली. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी भडकले होते. मला राग पटकन येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं. सकाळी फाटकातून आत शिरायचा अवकाश, कुणीतरी पान घेऊन उभंच. "अंडीवाली बाई, बघा बरं, हे कुणाचं बाळंतपण?" मी पान उलटं करून उजेडाकडे धरायचे. हे कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचं, चिरडा. हे हिरव्या ढेकणाचं, झाकणाच्या डब्या ओळीनं मांडल्यात बघा, खरवडून टाका. आणि हे केसाएवढ्या देठावर एकेकटं उभं आहे ना, हे आपल्या बाजूचं. जाळीदार पंखांची माशी असते, तिची पिल्लं मावा, ते रस शोषणारे बारीक किडे, खातात. खबरदार हात लावाल तर!

बाग म्हणजे पाण्याच्या टाकीमागची आमच्या वसाहतीची जागा. पूर्वी तिथे फुटक्या फरश्या आणि गंजके पाइप पडलेले असायचे. आता वाफे आहेत, ज्याचा त्याचा वेगळा, मध्ये वीतभर पायवाट. औषध फवारायला बंदी, कारण वाफे इतके खेटून आहेत की माझ्या फवाऱ्यानं शेजारणीचा पालक न्हायचा. तेव्हा कीड आवरायची ती पानं उलटून, अंड्यात असतानाच.

या पानं उलटण्याचा आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो मीच घालून दिलेला. आपल्या वाफ्याची पानं आपण तपासायची नाहीत, जोडीदारानं तपासायची. आपल्या झाडावर आपली माया असते. फूल दिसलं की माणूस हरखतो आणि पान उलटायचं राहून जातं. दुसऱ्याच्या झाडाचे आपण असले लाड करत नाही. म्हणून वाफ्यांच्या जोड्या. जोडीदारानं पाहिलेलं पान पुन्हा उलटून बघणं म्हणजे त्याला तोंडावर आंधळं म्हणणं, ते कुणी करत नाही. आणि ज्याच्या शब्दावर अंडी राहिली, फुटली आणि कीड इतरांच्या वाफ्यांत शिरली, त्याचा वाफा जातो. कडक आहे, पण नाहीतर बाग टिकली नसती.

माझी जोडी होती वन्सं. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम, दोन गल्ल्या पलीकडे एकटीचा संसार. हल्ली मी तिला अगंतुगं करते, पण तेव्हा 'त्या' म्हणायचे, म्हणून इथेही तसंच सांगते. त्यांना अंडी ओळखायला मी शिकवलं. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद केल्यावर त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मी बागेसाठी ढापलं होतं. ते वन्संच्या डोळ्याला लावून मी एकेक पान दाखवलं. सुरुवातीला त्यांना सगळंच सारखं दिसायचं. "वहिनी, मला तर सगळी खसखसच वाटते." हसून हसून पोट दुखायचं आमचं. पण शिकल्या. चांगल्या शिकल्या. माझ्यानंतर बागेत अंडी ओळखणारं कुणी असेल तर त्या.

आता घरचं सांगते. आमची लेक दूरच्या शहरात असते, रेल्वेनं अख्खा दिवस लागतो. तिचं एकच पालुपद, आई-बाबा इकडे या, तुमच्यासाठी खोली ठेवलीय. दुकान बंद झाल्यापासून यांचंही मन तिकडेच ओढ घेत होतं. दर काही दिवसांनी जेवताना विषय निघायचा आणि मी तो तिथल्या तिथे मोडायचे. "माझा वाफा आहे तोवर मी इथून हलणार नाही." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं असेल की घरातल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. मला वाटायचं, विषय मिटला. ते नुसते मान खाली घालून जेवत राहायचे.

त्यात माझे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, मोतीबिंदू. सगळीकडे साय पसरल्यासारखं. माणसं आवाजावरून ओळखायची आणि पानामागचं तर नावच नको. अंडीवालीला अंडी दिसेनात! बागेत मी हे कुणाला कळू दिलं नाही. कुणी पान आणलं की वन्सं हळूच शेजारी येऊन पुटपुटायच्या, "लांबट, पांढुरकी, एकेकटी," आणि मी मोठ्यानं निकाल द्यायचे. किती बरं वाटायचं मला त्या पुटपुटण्याचं. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं ही बाई करतेय, असं मी घरी येऊन यांना सांगायचे.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आम्ही वाफ्यावर गेलो. पुढे बरेच दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून एकदा डोळे भरून बघून घ्यावं म्हटलं, भरण्यासारखे नव्हते तरी. वांगी मस्त वाढली होती. हात फिरवूनच कळत होतं. हे पायवाटेवर पिशवी धरून उभे होते. वन्संनी खालचं एक पान उलटलं आणि जराशा थांबल्या.

"काय आहे?" मी विचारलं.

"अंडी. पिवळी. उभी, घोळक्यानं."

वांग्यावर पिवळी उभी अंडी म्हटलं की दोनच गिऱ्हाइकं. एक ढालकिडा, लाल पाठीचा, ठिपक्यांचा, तो आपला मित्र, मावा फस्त करतो. दुसरा त्याच्यासारखाच दिसणारा ठिपक्यांचा भुंगा, तो पानंच खातो. किडे दिसायला भाऊ-भाऊ आणि अंडी तर त्याहून सारखी. फरक एवढाच की मित्राची बारीक, एकमेकांना चिकटून, आणि आसपास मावा हवाच, कारण पिल्लांच्या जेवणाची सोय बघितल्याशिवाय तो अंडी घालत नाही. वैऱ्याची थोडी मोठी, सुटी सुटी, आणि मावा नसला तरी त्याचं अडत नाही. हे मी वन्संकडून घोकून घेतलं होतं.

"चिकटून आहेत की सुटी?"

"चिकटून आहेत."

"भिंग लावून बघा."

त्यांनी भिंग लावलं. "चिकटूनच आहेत, वहिनी. बारीक आहेत."

"मावा आहे?"

"आहे की. शेंड्याला आहे."

"मग ढालकिड्याची. राहू द्या. पोरं जन्माला येतील आणि मावा साफ करतील."

"हो, राहू दे," वन्सं म्हणाल्या, आणि पान हलकेच सोडून दिलं. मागून हे म्हणाले, "चला आता, ऊन व्हायला लागलं." मी निर्धास्त मनानं दवाखान्यात गेले.

ऑपरेशन छान झालं. नंतरचे दिवस मी खुर्चीत बसून रेडिओ ऐकत काढले. यांनी स्वयंपाक केला, भांडी घासली, मला पेपर वाचून दाखवला. इतकी सेवा मी जन्मात करून घेतली नव्हती, आणि मनात म्हणायचे, माणूस अबोल आहे पण सोन्यासारखा. वन्सं रोज संध्याकाळी यायच्या. "वाफा कसा आहे?" "छान आहे." "पिल्लं फुटली का?" "फुटली, वळवळतायत." "काळी ना? नारिंगी ठिपक्यांची?" "हो, काळी." मग चहा, मग गप्पा. एकदा तर मी त्यांचा हात धरून म्हटलं, वन्सं, तुम्ही नसतात तर माझ्या वाफ्याचं काय झालं असतं? त्यांनी हात सोडवून घेतला आणि कपबशा उचलायला लागल्या. मला वाटलं, लाजल्या.

डॉक्टरांनी मोकळं केलं त्या सकाळी मी चष्म्याशिवाय रस्त्यावरच्या पाट्या वाचत बागेत गेले. लहान पोरासारखी मोठ्यानं वाचत होते, लोक बघत होते, बघेनात का. फाटकातून आत आले आणि नेहमीप्रमाणे कुणी पान घेऊन पुढे आलं नाही. सगळे माना फिरवून होते. मी माझ्या वाफ्याशी गेले.

वांग्याच्या झाडांवर पानं म्हणून नव्हतीच. हिरवं सगळं खरवडून नेलेलं, नुसत्या शिरांची जाळी लोंबत होती. जाळीवर पिवळ्या, काटेरी अळ्या. काळ्या नाहीत, नारिंगी ठिपक्यांच्या नाहीत. पिवळ्या धमक, वैऱ्याच्या. शेजारच्या वाफ्यात त्याच, पलीकडच्या बटाट्यावर त्याच. एका म्हाताऱ्या शिंपीणबाईचा घेवडा एका कडेनं चाळण झाला होता. ती नुसतं माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं.

वन्सं धावत आल्या. डोळे लाल. "वहिनी, मला नाही कळलं हो. मला ढालकिड्याचीच वाटली. सांगायची हिंमतच झाली नाही."

आता माझी बुद्धी बघा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, दूधवाल्यानं पाच मिनिटं उशीर केला तर मी घर डोक्यावर घेते. आणि त्या क्षणी मला वन्संचा राग आला नाही. कीव आली. म्हटलं, बिचारी. दोन्ही अंडी एवढी सारखी, भलेभले चकतात. माझेच डोळे नव्हते, माझ्याकरता एवढं करत होती, त्यात चूक झाली. मी त्यांना जवळ घेतलं आणि माझ्या पदरानं त्यांचे डोळे पुसले.

रविवारी पत्र्याच्या शेडखाली मिटिंग झाली. बागेचा सेक्रेटरी म्हणजे रिटायर झालेला बसड्रायव्हर, त्याला आम्ही 'स्टिअरिंग' म्हणतो. मिटिंग सुरू करतानाही तो शिट्टी वाजवतो. हेही आले होते, मागच्या बाकावर बसले. स्टिअरिंगनं घसा खाकरला. "नियम सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच विचारायचंय, अंडी पाहिली कुणी आणि राहू द्या म्हणालं कोण?"

वन्सं माझ्या शेजारी होत्या. त्यांचा हात माझ्या हाताला लागला, गार पडला होता. त्यांचा वाफा जाणार होता. एकट्या बाईला दवाखाना सुटल्यावर जायला ती एक जागा. मी उठले.

"पाहिली वन्संनी," मी म्हटलं, "पण त्यांनी पान माझ्या हातात दिलं. त्यांना शंका होती. मी म्हटलं, राहू द्या. चूक माझी."

"तुम्ही?" स्टिअरिंगच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. "अंडीवाली बाई, तुम्हाला ही दोन अंडी वेगळी ओळखता आली नाहीत?"

"नाही आली," मी म्हटलं. "माझे डोळे कधीपासून अधू होते. मी तुमच्यापासून लपवलं. मी अंदाजानं सांगत होते."

सगळ्या बागेत कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, म्हणजे आमचीसुद्धा अंदाजानंच सांगितली होती की काय? मी ते ऐकलं आणि तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत मी कमावलेलं जे काही होतं ते मी स्वतःच्या तोंडानं धुऊन टाकत होते आणि मला त्याचं दुःख असलं तरी अभिमानही होता, कारण मी ते एका माणसासाठी करत होते. वन्सं मूग गिळून बसल्या होत्या. वाफा महिनाअखेर सोडायचा असं ठरलं. घरी जाताना हे एवढंच म्हणाले, "जाऊ दे. आता डोक्याला ताप नाही." दुसऱ्या दिवशी यांनी लेकीकडच्या गाडीची दोन तिकिटं काढली, आणि मी नाही म्हटलं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?

महिनाअखेरपर्यंत वन्संच्या वाफ्याची जोडीदार मीच होते. माझा वाफा गेला म्हणून काम सोडणारी मी नव्हे. शिवाय बागेत आता मला कुणी पान दाखवत नव्हतं. एक नवीन बाई काकडीचं पान घेऊन माझ्यासमोरून तरातरा गेली, स्टिअरिंगला विचारायला. स्टिअरिंगला! त्याला शेपू आणि गवत यातला फरक कळत नाही. मी दात-ओठ खात वन्संच्या वांग्यांकडे वळले. नव्या डोळ्यांनी पहिल्यांदाच ती पानं उलटत होते, आणि काय सांगू, पानावरची लवसुद्धा मोजता येईल इतकं स्वच्छ दिसत होतं.

खालच्या एका जुन्या पानामागे, मधल्या शिरेलगत, डाग होता. अंगठ्याएवढा, पिवळसर, वाळून तपकिरी झालेला. डागाच्या कडेला दोन-चार चपटलेली टरफलं चिकटून होती. मोठी. सुटी सुटी. अंडी अंगठ्यानं चिरडली की असाच डाग पडतो, मीच शिकवलं होतं, नखानं नाही, अंगठ्यानं, म्हणजे पान फाटत नाही. पुढचं पान उलटलं. तसाच डाग. त्याच्या पुढच्या झाडावर दोन. आणि त्या अख्ख्या वाफ्यात अळीनं खरवडलेलं पान औषधालाही नव्हतं.

मी पायवाटेवर बसले. मनात हजार कारणं शोधली. नंतर चिरडली असतील, माझ्या वाफ्यावर अळ्या पसरल्यावर. पण नंतरची असती तर वरच्या कोवळ्या पानांवरही डाग असते, आणि हे सगळे डाग तळाच्या पानांवर, जुनाट. माझ्या वाफ्यात अंडी निघाली तेव्हाच्या वेळचे. ढालकिड्याची वाटली म्हणाली ना? मग आपल्या झाडावरची का नाही राहू दिली? मित्राला घरचा अंगठा आणि माझ्याकडे पाहुणचार? तिला कळलं होतं. पहिल्या क्षणापासून कळलं होतं.

मी तशीच, मातीच्या हातांनी, दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर जेवायला गेला होता. बाहेरच्या खोलीत गाल सुजलेला एक पेशंट रुमाल धरून बसला होता आणि वन्सं काउंटरमागे. माझ्या हातात पान होतं. मी ते काउंटरवर उलटं ठेवलं.

"हा अंगठा कुणाचा?"

वन्संनी पान बघितलं आणि पेशंटकडे नजर टाकली. "वहिनी, इथे नको."

"इथेच. बोल." त्यांना अगंतुगं मी पहिल्यांदा तेव्हा केलं. "खोटं बोललीस ना माझ्याशी? मावा आहे म्हणालीस, नव्हता. चिकटून आहेत म्हणालीस, नव्हती. तुला मी खसखशीपासून शिकवलं गं! का?"

पेशंट उठून बाहेर जायला निघाला, मग बहुधा ऐकायचं होतं म्हणून पुन्हा बसला.

"मी आदल्या दिवशीच पाहिली होती," वन्सं रडत म्हणाल्या. "तुम्हाला सांगायलाच डोळ्यांच्या दवाखान्यात आले होते. तुम्ही आत तपासणीला होतात. दादा बाहेर बाकावर होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, अरे वाफा जाईल. तो म्हणाला, जाऊ दे गेला तर. ती दुसऱ्या कशानं हलणार नाही."

"कोण दादा?" मी विचारलं. आपला नवरा तिचा दादा आहे हे मला ठाऊक नव्हतं का? पण विचारलं.

"त्यानं पोरीशी पण बोलून घेतलं होतं. वहिनी, तुमच्या भल्यासाठीच."

"आणि वाफा तुझा गेला असता तर? शब्द तुझा होता. नियमानं तुझा जायला हवा होता."

वन्सं पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बोल!"

"दादा म्हणाला, त्याची काळजी नको. तू काही बोलू नकोस. ती आपणहून उठेल आणि अंगावर घेईल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही उठलात."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आयुष्यभर बोलण्यात वापरलं होतं. त्या दिवशी ते म्हणजे काय ते कळलं. मी पान उचललं, चुरगळलं, आणि कुठे टाकावं ते सुचेना म्हणून मुठीतच घेऊन निघाले. गाल सुजलेल्या माणसानं मला दार उघडून दिलं.

घरी हे खोकी बांधत होते. चादरी एकीकडे, भांडी एकीकडे. मला बघून म्हणाले, "अगं, तो मोठा कुकर न्यायचा का? तिच्याकडे असेलच."

"अहो," मी म्हटलं, "मी मिटिंगमध्ये उठले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या बाकावर."

"काय करत होतात?"

"काय करणार? बसलो होतो."

"मी उठणार हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. माझ्या मुठीकडे बघितलं, मातीकडे बघितलं, आणि त्यांना समजलं. नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगते. उलट जरासे हसले. "तुझा स्वभाव मला माहीत नाही का?"

किती मायेनं म्हणाले ते! तेच सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वाफा गेला त्याचं नाही हो," मी ओरडले. शेजारी ऐकू जावं इतक्या जोरानं ओरडले. "वाफा काय, माती आहे. पण मी तिथे उभी राहून म्हटलं की मला येत नाही. मला! मी अंदाजानं सांगते म्हणाले. आणि तुम्हाला ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय, का बोलतेय, कुणासाठी बोलतेय, सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही बाकावर बसून राहिलात. माझा चांगुलपणा तुम्ही माझ्यावरच चालवलात."

"मग काय करायचं होतं?" त्यांचाही आवाज चढला, कधी नव्हे तो. "किती वेळा विचारलं तुला? माझे हात बघ." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "स्क्रू धरता येत नाही म्हणून दुकान बंद केलं, तुला म्हटलं कंटाळा आला. उद्या तू पडलीस तर मला फोनही धड लावता यायचा नाही. भीती वाटते मला इथे."

मी त्या हातांकडे बघत राहिले. "हे मला सांगितलंत कधी?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"भांडले असते," मी म्हटलं. "रडले असते. तुमच्याशी दोन दिवस बोलले नसते. आणि पुढे काय केलं असतं ते आता मला कधीच कळणार नाही. तेवढंसुद्धा तुम्ही माझ्यापाशी ठेवलं नाहीत."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिच्या आत्यानं तिला कळवलेलं दिसत होतं, कारण हॅलो न म्हणताच ती सुरू झाली. "आई, आधी शांत हो. आम्ही तुझ्याच चांगल्यासाठी केलं. किती वेळा विचारलं तुला, तू नाहीच म्हणायचीस."

"मग ते उत्तर नव्हतं का?"

ती समजुतीच्या सुरात म्हणाली, लहान मुलाशी बोलावं तशी, "बरं, झालं ते झालं. आता तरी हट्ट करू नकोस. खोली लावून ठेवलीय. खरं सांग, तिकडे आता तुझं राहिलंय तरी काय?"

हे समोरच उभे होते. सुतळीचं टोक हातात, ते हलत होतं. मी घरभर नजर फिरवली. खोकी, उघडी कपाटं, भिंतीवरचे फोटो काढल्यावर उरलेले चौकोन. सगळं अगदी लख्ख दिसत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुझे बाबा तेवढे होते. ते शनिवारच्या गाडीनं येतायत. घ्यायला स्टेशनवर जा, आणि बॅग तू उचल. त्यांना उचलवत नाही."